मैल कुणाचा?



आमच्या खात्यात एक डॉफर पोरगा आहे. जेवणाच्या सुट्टीत त्यानं मोबाइल माझ्या नाकापुढं धरला आणि म्हणाला, "भाऊ, हे बघ, वाळूनं भरलेला बंगला." बघितलं तर खरंच. खिडकीच्या चौकटीपर्यंत वाळू, भिंतीचा रंग अजून शाबूत, दार अर्धं उघडं, आणि त्या दारातून वाळूची अख्खी टेकडी घरात शिरलेली. गावाचं नाव कोलमान्सकोप. देश नामिबिया, आफ्रिकेच्या नैऋत्येला. वाळवंटातलं हिऱ्याच्या खाणीचं गाव. १९५६ पर्यंत शेवटची माणसं निघून गेली. तेव्हापासून तिथं वाळूच राहतेय.

पोरगं फोटोवर खूश होतं. मी विचारलं, "कामगार कुठं राहायचे रे?"

"ते काय यात दिसत नाही," म्हणाला.

दिसत नाही म्हणूनच मी शोधायला लागलो. फोटो पुष्कळ मिळाले. मॅनेजरचा बंगला, नाचगाण्याचा हॉल, बर्फाचा कारखाना, एक्स-रे यंत्र असलेलं हॉस्पिटल. जगभरचे फोटोवाले तिकीट काढून जातात आणि वाळूत बुडालेली दारं टिपून आणतात. चित्र सुंदर आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्या चित्रात राबणारा माणूस कुठंच नाही, आणि ज्याची ती जमीन होती तो तर त्याहून नाही. मग मी फोटो सोडले आणि नकाशे धरले.

मी इतिहासकार नव्हे. दहावीला शाळा सुटली. पुढचं जे काय शिकलो ते रद्दीच्या दुकानात आणि आता या मोबाइलवर. जर्मन भाषा येत नाही. पण जर्मनीतल्या ग्रंथालयांनी आपल्या वसाहतींचे जुने नकाशे स्कॅन करून सगळ्यांना खुले ठेवलेत, आणि नकाशातली रेघ, नदी, रेल्वेचा रूळ समजायला भाषा फार लागत नाही. रात्रपाळी सुटली की ते नकाशे बोटानं ओढत, मोठे करत बसायचो. एक बघितला की त्याच्या आधीचा बघावासा वाटायचा. असा मी मागं मागं सरकत गेलो आणि शेवटी एका शब्दाशी अडलो. मैल.

आधी १९०८ सालचा नकाशा घ्या. तेव्हा हा मुलूख जर्मनीची वसाहत होता. त्या वर्षीच्या सप्टेंबरात सरकारनं एक रेघ मारली. २६ अंश दक्षिण अक्षांशापासून खाली ऑरेंज नदीपर्यंत आणि समुद्रापासून आत १०० किलोमीटर, एवढा सगळा प्रदेश बंद. नावच 'बंद प्रदेश'. परवान्याशिवाय माणसानं आत पाऊल टाकायचं नाही. रेघ एकदम सरळ आहे. डोंगर, पाणवठा, पायवाट कशाचा तिला मुलाहिजा नाही. जमिनीवर चालणारा माणूस अशी रेघ मारूच शकत नाही, ती टेबलावर पट्टी ठेवून मारलेली आहे. जिथं हिरे सापडले ती जागा त्या चौकोनाच्या वरच्या कोपऱ्यात, ल्युडेरिट्झ बंदराजवळ.

सापडले कसे तेही ऐका. बंदरापासून आत रेल्वे गेली होती. वाळू सारखी रुळांवर यायची, ती खोऱ्यानं ओढायला माणसं ठेवलेली. त्यातला एक झकारियास लेवाला. काळा माणूस. आधी किंबर्लीच्या हिरेखाणीत राबलेला, म्हणून त्याला खडा ओळखता आला. एप्रिल १९०८. त्यानं तो आपल्या वरच्याला, ऑगस्ट श्टाउखला दाखवला. श्टाउखनं खडा घड्याळाच्या काचेवर घासून बघितला, काचेवर ओरखडा उठला. श्टाउखनं खाणीचे हक्क घेतले आणि तो अमाप श्रीमंत झाला. लेवालाला काही मिळालं नाही. नंतर उत्तरेकडून ओवाम्बो लोक कराराच्या मजुरीवर आणले. शेकडो माणसं. काही ठिकाणी हिरे वाळूवर नुसते पसरलेले होते, तर मजुरांना ओळीनं पोटावर सरपटत ते वेचायला लावायचे. पोटावर! बाहेर पडताना झडती. आमच्याही गेटवर झडती होते, पण आमच्याकडं बॉबीन शोधतात.

आता रेल्वेकडं या. १९०४ साली बर्लिनला छापलेला युद्धाचा नकाशा आहे. त्यात बंदरापासून आत रूळ नाही. नंतरच्या नकाशात काळी रेघ आली, तिच्यावर बारीक आडव्या काड्या. मधल्या काळात हेरेरो आणि नामा लोक जर्मनांविरुद्ध उठले होते. पकडलेल्या बायका, पोरं, माणसं ल्युडेरिट्झसमोरच्या शार्क बेटावर कोंडली. थंडगार वारा, खडक, अंगावर चिंध्या. त्यांच्यातलेच लोक रूळ टाकायला नेले. जानेवारी १९०६ ते जून १९०७ या काळात २,०१४ कैदी त्या रेल्वेवर राबवले, त्यातले १,३५९ मेले. हा आकडा त्यांच्याच सरकारी दप्तरातला. तीन माणसांमागं दोन. नकाशावर ती काडी-काडीची रेघ मी बोटानं हळूहळू ओढली. लेवाला वाळू काढत होता ती रेल्वे ही. ग्रासप्लाट्झ नावाचं एक बारकं स्टेशन आहे, खडा सापडला तो त्याच्या आसपास.

इथवर मला वाटलं, झालं, सापडलं. पण मनात एक टोचत राहिलं. जर्मन तिथं आले कुठल्या कागदावर?

कागद आहे. १८८३ चा. ब्रेमेनचा तंबाखूचा व्यापारी आडोल्फ ल्युडेरिट्झ, त्याचा तिथला माणूस हाइनरिश फोगेलसांग. आतल्या बाजूला बेथानी गाव, तिथल्या नामा लोकांचा कप्तान योझेफ फ्रेडरिक्स. कप्तान म्हणजे टोळीचा प्रमुख. मे महिन्यात आधी बंदर आणि भोवतालची पाच मैल जमीन विकत घेतली. मग २५ ऑगस्टला दुसरा करार : ऑरेंज नदीपासून २६ अंशापर्यंतचा सगळा किनारा आणि समुद्रापासून आत २० मैल. किंमत ५०० पौंड आणि ६० बंदुका.

आता बघा. करारात शब्द होता 'भौगोलिक मैल'. नामा लोकांना ठाऊक होता तो इंग्रजी मैल, कारण खालच्या केप वसाहतीशी त्यांचा व्यवहार. इंग्रजी मैल म्हणजे १.६ किलोमीटर. वीस मैल म्हणजे ३२ किलोमीटर. फ्रेडरिक्सच्या डोक्यात हे होतं. जर्मन भौगोलिक मैल म्हणजे ७.४ किलोमीटर. वीस मैल म्हणजे १४८ किलोमीटर. गंमत अशी की खुद्द जर्मनीत १८७२ पासून मीटर आणि किलोमीटर हेच सरकारी माप लागू झालेलं होतं. घरी किलोमीटर चालणारे लोक परक्या वाळवंटात जाऊन मैलावर सही घेतात! ल्युडेरिट्झनं फोगेलसांगला पत्रात कळवलं होतं की कप्तानाला तूर्त इंग्रजीच मैल वाटू द्यावेत. म्हणजे चूक नव्हती. समोरच्याची समजूत काय आहे हे ठाऊक असून गप्प बसायचं ठरलं होतं. फ्रेडरिक्सला नंतर कळलं तेव्हा त्यानं तक्रार केली. जमीन परत आली नाही.

मी ज्या प्रश्नासाठी हे लिहायला बसलो तो हा. ल्युडेरिट्झ खोटं बोलला का?

अभ्यासवर्गात मी हे मांडलं तेव्हा आपल्यातलाच एक वकिलीचा अभ्यास करणारा मित्र म्हणाला, "शब्द छापील होता. विचारायला काय झालं होतं? सही करण्याआधी विचारणं ही सही करणाऱ्याची जबाबदारी." वरवर बिनतोड वाटतं. मला तिथं उत्तर सुचलं नाही. घरी येताना सुचलं.

मी रिंग फ्रेमवर लागलो तेव्हा साच्याला हँक मीटर होता. अजून असतो. पाळी संपली की त्यावरचा आकडा चिठ्ठीवर चढतो, त्यावरून उत्पादन, आणि काही ठिकाणी त्यावरूनच जादा पैसे. माझ्याबरोबर एक काका होते, वीस वर्षं साच्यावर. आकडा त्यांना वाचता यायचा. मी विचारलं, "काका, हँक म्हणजे किती?" ते म्हणाले, "हँक म्हणजे हँक." मी साहेबाला विचारलं तर साहेब हसला, "तुला काय पेटंट घ्यायचंय?" शेवटी रद्दीतल्या एका जुन्या पुस्तकात मिळालं. एक हँक म्हणजे ८४० वार सूत. इंग्रजांच्या गिरण्यांतलं माप, अजून आमच्या साच्यावर बसलेलं. त्यानंतर मी एकदा बॉबीनवरचं सूत मोजून बघितलं आणि आमच्या फ्रेमचा मीटर कमी दाखवतोय असं म्हणालो. मीटर दुरुस्त झाला आठ महिन्यांनी. मधल्या चिठ्ठ्यांवर काकांच्या सह्या होत्या. रोजच्या रोज.

काकांनी विचारलं का नाही? कारण ज्याला आपल्याला माहीत आहे असं वाटतं तो विचारत नाही. फ्रेडरिक्सला मैल माहीत होता. त्याच्या आयुष्यात मैल एकच होता. अनोळखी शब्द आला तर माणूस थांबतो, हा तर ओळखीचा शब्द होता. विचारायची जबाबदारी त्याच्यावर टाकायची म्हणजे आपल्या ओळखीच्या प्रत्येक शब्दावर त्यानं संशय घ्यायचा. भाकरी म्हणजे भाकरीच ना? रात्र म्हणजे रात्रच ना? असं कुणी जगू शकत नाही. उलट दोन मैल आहेत हे ठाऊक असलेला त्या टेबलाशी एकच पक्ष होता. सांगायची जबाबदारी त्याची. जो शब्द दोघांनी मिळून वापरायचा, त्याचा अर्थ एकानं खिशात ठेवला तर तो करारच होत नाही. कागद फक्त होतो. माझ्या मते ल्युडेरिट्झ खोटं बोलला, आणि तोंड न उघडता बोलला.

(एक बाजूला सांगतो. फ्रेडरिक्सही काही संत नव्हता. बंदुका आणि पैसे घेऊन त्यानं किनारा विकला, तो एकट्याचा होता का, हे त्याच्या लोकांनी त्याला विचारायला हवं होतं. फसवला गेलेला माणूस चांगलाच असायला लागतो असं काही नाही. आपल्या लिखाणात आपण ही चूक फार करतो.)

हे सगळं ठरवून मी लेख लिहायला घेतला होता आणि माझं वाक्यही तयार होतं : हिऱ्याचं गाव मैलाच्या चोरीवर उभं आहे. वाक्य मला फार आवडलं होतं. मग म्हटलं, खात्री करून घ्यावी. मोबाइलवर नकाशा मोठा केला की माप बदलतं, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात जाऊन नकाशाची मोठी प्रत काढली. खोलीवर जमिनीवर पसरली. गिरणीतनं आणलेल्या तुटक्या सुताचा एक तुकडा घेतला, नकाशाच्या तळाशी जी मोजपट्टी छापलेली असते तिच्यावर ३२ किलोमीटर धरून गाठ मारली. किनाऱ्यावर टोक धरलं आणि सूत आत सोडलं.

कोलमान्सकोप गाठीच्या आत.

परत मोजलं. तेच. बंदरापासून कोलमान्सकोप जेमतेम १० किलोमीटर. ग्रासप्लाट्झ स्टेशनही गाठीच्या आत, साधारण २५ किलोमीटरवर. म्हणजे फ्रेडरिक्सनं जाणूनबुजून, आपल्याच ओळखीच्या मैलानं विकलेल्या पट्ट्यातच तो खडा होता. मैलाच्या चोरीचा त्या हिऱ्याशी काही संबंध नाही. माझं वाक्य मेलं.

खरं सांगू? मला राग आला. फ्रेडरिक्सचा राग आला, नकाशाचा आला. रात्री झोप नाही. एकदा वाटलं, कुणाला कळणार आहे, असू दे वाक्य. आपले वाचक काही सूत घेऊन नकाशे मोजत बसणार नाहीत. मग ध्यानात आलं की मी ल्युडेरिट्झचंच पत्र लिहितोय. तूर्त त्यांना तसंच वाटू द्यावं.

सकाळी दुसरं सूत घेतलं, १४८ किलोमीटरचं. ते आत सोडलं. पहिल्या गाठीपर्यंत सगळी वाळू आणि खडक. नकाशावर जवळजवळ कोरं. दुसरं सूत मात्र पार औसच्या पुढं गेलं, बेथानी गाव पन्नासेक किलोमीटरवर राहिलं. औस, त्याच्या शेजारी कुबुब, आणि नकाशावर ठिकठिकाणी पाण्याच्या जागा. युद्धाचा नकाशा असल्यामुळं पाणी नीट दाखवलंय. सैन्याच्या बैलांना पाणी लागतं ना. किनाऱ्याच्या गावाला व्यापाऱ्याचं नाव मिळालं, पण आतल्या पाणवठ्यांची नावं जर्मनांना नामा लोकांच्या तोंडूनच घ्यावी लागली. औस हे त्यांचंच नाव. म्हणजे दोन गाठींच्या मधला तो जो ११६ किलोमीटरचा पट्टा मैलाच्या फरकानं गेला, त्यात पाणी होतं, चारा होता, गुरं होती, रोजचं जगणं होतं. हिरा नव्हता.

आणि मी पाण्याकडं बघतच नव्हतो. मला हिरा पाहिजे होता. ज्यांनी लुटलं त्यांना जे मोलाचं वाटलं, तेच मलाही मोलाचं वाटलं. नुकसान मोजायला बसलो तेसुद्धा त्यांचा मैल घेऊन. १८८३ साली त्या वाळूत हिरे आहेत हे ना फ्रेडरिक्सला माहीत होतं, ना ल्युडेरिट्झला. तो तर खनिजं शोधतच १८८६ साली ऑरेंज नदीच्या मुखाकडून छोट्या बोटीनं निघाला आणि समुद्रात नाहीसा झाला. हिरा कुणाच्याच हिशेबात नव्हता. पाणी मात्र एकाच्या हिशेबात होतं, पिढ्यान्पिढ्या. त्या गावात हिरे निघायला लागले तेव्हा पिण्याचं पाणी सुरुवातीला केपटाउनहून जहाजानं यायचं. हे आधी वाचलं होतं, पण तेव्हा मला त्यात नुसता श्रीमंतीचा थाट दिसला होता.

मग हिऱ्यावर नामा लोकांचा हक्क नाही का? वकील मित्र लगेच हेच विचारणार. मी म्हणतो, आहे, पण तो मैलावरून सिद्ध करू नका. तो रेल्वेवरून करा. १,३५९ माणसं त्या रुळाखाली गेल्यावर त्या रुळाशेजारी सापडलेला खडा कुणाचा, हा प्रश्न कुठल्याही विक्रीच्या कागदानं मिटत नाही. आणि उरलेली जमीन तर कागदाशिवायच गेली. १९०७ साली सरकारनं बेथानीसकट बंड केलेल्या नामा लोकांची सगळी जमीन जप्त केली. खडा सापडायच्या आदल्या वर्षी. मैलाची लबाडी करायचीही गरज उरली नव्हती. फ्रेडरिक्सच्याच घराण्यातला कॉर्नेलियस फ्रेडरिक्स, ज्यानं जर्मनांशी लढाई केली, तो फेब्रुवारी १९०७ मध्ये शार्क बेटावर मेला.

डिसेंबर २०२२ मध्ये बर्लिनमधल्या ल्युडेरिट्झ रस्त्याला कॉर्नेलियस फ्रेडरिक्सचं नाव दिलं. नामिबियातलं ते बंदर मात्र ल्युडेरिट्झच राहिलंय. आपल्याकडं डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारनं वस्त्यांची जातीवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. आमच्या गावच्या पाटीबद्दल माझं मत वेगळं लिहीन, इथं फक्त एवढं की नाव बदलल्यावर मी गावचा नकाशा काढून बघितला, आणि नाव बदललेली वस्ती विहिरीपासून होती तितकीच लांब होती.

नामिबियात अजून नकाशे निघतायत. बंद प्रदेशाचं २००८ साली राष्ट्रीय उद्यान झालं. २०२१ साली त्याच मुलखात हरित हायड्रोजनच्या मोठ्या प्रकल्पासाठी कंपनी निवडली गेली, त्यात जर्मन भांडवल आहे. बंदर वाढवायचा बेत शार्क बेटाला लागून आहे. तिथल्या पाण्यात आपल्या माणसांची हाडं आहेत म्हणून नामा लोकांच्या संघटना विरोध करतायत. मे २०२१ मध्ये जर्मनीनं ते हत्याकांड वंशसंहार होता असं कबूल केलं आणि तीस वर्षांत ११० कोटी युरो द्यायचं जाहीर केलं. बोलणी दोन सरकारांत झाली. नामा आणि हेरेरो लोकांच्या मोठ्या गटांनी ते नाकारलं, आम्ही त्या टेबलाशी नव्हतो म्हणाले.

झेरॉक्सची प्रत माझ्या खोलीत भिंतीला लावलीय. दोन्ही सुतं टाचणीनं तशीच ठेवलीत. परवा तो डॉफर पोरगा आला होता. भिंतीकडं बघत म्हणाला, "भाऊ, सूत आपल्या खात्यातलं दिसतंय." मग जवळ जाऊन त्यानं मधल्या पट्ट्यावर बोट ठेवलं, दोन गाठींच्या मध्ये, आणि विचारलं, "हे निळे ठिपके कशाचे?"